विमान कोसळते, अहवाल मात्र दप्तरबंद

महोदय,

तमिळनाडूतील कुन्नूरजवळ ८ डिसेंबर २०२१ रोजी झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात हवाई दलाने, हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगांत शिरले, असे प्राथमिक निष्कर्ष थोडक्यात जाहीर केले आणि तीन वर्षांनी संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात या अपघातापुढे ‘मानवी चूक’ अशी नोंद आली. ती चूक खरी मानली, तरी त्या हवामानात उड्डाणाची परवानगी कोणत्या माहितीच्या आधारे दिली गेली, हे विचारायला जागा उरते. मूळ चौकशी अहवाल मात्र जनतेसमोर नाही. नागरी विमान अपघाताचा अंतिम अहवाल प्रसिद्ध होतो, मग लष्करी अपघाताच्या अहवालाचा गोपनीय भाग वगळून उरलेला का होऊ नये?

याचे एक कारण रचनेतच आहे. विमान उडवणारे हवाई दल, बांधणी व मोठी दुरुस्ती करणारी सरकारी कंपनी एचएएल आणि उड्डाणयोग्यता प्रमाणित करणारी, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या अखत्यारीतील सेमिलॅक हे सारे संरक्षण मंत्रालयाच्याच छत्राखाली येतात. चौकशीही सेवेतील अधिकारीच करतात. दोष घरातलाच निघाला तर तो बाहेर सांगणार कोण? २००५ मध्ये मिग-२१ला आग लागल्याने बाहेर उडी घ्यावी लागलेल्या एका वैमानिकाला एचएएलच्या कारखान्यातील सदोष कामाची माहिती माहिती अधिकारातून मिळवावी लागली. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ५५ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली आणि नेहमीच्या जोखमीपलीकडचा धोका पत्करायला लावणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. (जे वैमानिक वाचत नाहीत, त्यांच्या वतीने असा अर्ज कोण करणार?) घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त झाल्याचे सरकारने २०१२ मध्ये राज्यसभेत सांगितले, पण अशा आकड्यांवरून जबाबदारी कोणाची हे उमगत नाही.

गोपनीयतेची सबब पटण्यासारखी नाही. २००६ मध्ये अफगाणिस्तानात ब्रिटनचे निमरॉड विमान पडून १४ जण दगावले, तेव्हा २००९च्या जाहीर अहवालात लष्करी अधिकारी व कंत्राटदार कंपन्यांतील जबाबदार व्यक्तींची नावे छापली गेली आणि पुढच्या वर्षी स्वतंत्र लष्करी विमानसुरक्षा नियामक उभा राहिला.

आपल्याकडेही तसा नियामक हवा. तोवर निदान प्रत्येक चौकशीतील शिफारशी, त्यांच्या अंमलबजावणीची मुदत आणि जबाबदार पदाधिकारी यांचा तक्ता संरक्षणमंत्र्यांनी दरवर्षी संसदेत मांडावा.

— एक वाचक