पिल्लू आणलंस, आता दिवसाचे तुकडे पाड

अमळनेर,
होळीच्या आधीचा आठवडा

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू दोन तक्रारी एकात कालवून सांगितल्यास. पिल्लू घरभर शी-शू करतं, ही एक. तू ड्यूटीवर आणि वहिनी शाळेत असताना त्याला ठेवायचं कुठे, ही दुसरी. मी नुसतं हो-हो करत होतो, कारण मागे ते केकाटत होतं आणि तू दर वाक्याला ‘अरे अरे अरे’ करत पळत होतास. म्हणून आता बसून लिहितो. वहिनींनाही वाचायला दे, कारण निम्मं काम त्यांच्याच गळ्यात पडणार आहे.

आणलास तो ग्रेट डेन. खांद्यापाशी अडीच फूट उंच आणि वजनाला 55 ते 80 किलो, असा नर होणार तो. आत्ता त्याची शू फडक्यावर भागते म्हणून वहिनी हसतात. पावसाळा येईपर्यंत तो त्यांच्या कमरेला लागेल आणि तेव्हा फडक्यावर भागणार नाही. लहान जातीच्या कुत्र्याची वाईट सवय माणसं वर्षानुवर्षं खपवून घेतात, या जातीची खपत नाही. मग असली कुत्री साखळीला बांधून गच्चीवर जातात, आणि गच्ची म्हणजे काय ते भुसावळच्या माणसाला मी सांगायला नको.

आता हिशोब. पिल्लाला लघवी धरून ठेवायची ताकद वयाने येते, रागावून येत नाही. ढोबळ माप असं की वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तितके तास. तेही फार तर. तुझं दोन महिन्यांचं, म्हणजे तीन तास, आणि जागं राहून दंगा करत असेल तर तासभरसुद्धा नाही. वहिनींची शाळा साडेदहा ते साडेपाच. सात तास! त्यात तुझी शिफ्ट पडली की घर बंद. हे गणित जुळतच नाही, आणि जुळत नाही म्हणून तुम्ही दोघं पिल्लाला दोष देताय. पिल्लाला शिकवायच्या आधी तुझ्या घराच्या दिवसाचे तुकडे पाड. शेजारच्या आजींकडे तुमची किल्ली असतेच. बारा-साडेबाराला त्यांनी, आणि अडीच-तीनला कोपऱ्यावरच्या त्या कॉलेजच्या पोराने, असे दोन जण येऊन त्याला मागे नेऊन आणतील एवढी सोय कर. पोराला महिन्याला काहीतरी दे, फुकटातलं काम चार दिवस टिकतं. एवढी सोय होत नसेल तर बाकीचं पत्र वाचू नको, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

जागा कुठली? तू म्हणालास, मोरीत जातंय तर जाऊ दे, पाणी ओतलं की झालं. नको रे भो. पायाखाली काय लागतं यावरून कुत्र्याची सवय बसते, आणि ती याच वयात, आठ-नऊ आठवड्यांच्या आसपास पक्की व्हायला लागते. आज मोरीची फरशी शिकला की उद्या स्वयंपाकघराची फरशी त्याला वेगळी का वाटावी? मागच्या अंगणात नळाच्या पलीकडे विटा मांडून एक वाफा कर, कोथिंबिरीला करतो तेवढाच, आणि आत चांगली वीतभर माती टाक. पहिल्या दिवशी त्याच्या शूचं फडकं त्या मातीत पुसून ठेव, म्हणजे पुढच्या वेळी नाक त्याला तिथे नेईल. रस्त्यावर मात्र आत्ता नेऊ नको. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा उलट्या-जुलाबाचा रोग, त्याचे विषाणू मातीत महिनोनमहिने जिवंत राहतात आणि तुमच्या गल्लीत मोकाट कुत्री किती आहेत ते मी पाहिलंय. लसी दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. तोवर आपलं अंगण बरं.

वेळा ठरलेल्या असतात: झोपून उठला की लगेच, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळ थांबला की, आणि कोंडायच्या आधी. पण घड्याळापेक्षा त्याच्याकडे बघत जा. आमच्या वाघ्याचं मला अजून डोळ्यांसमोर आहे. मस्त खेळत असायचा, मधेच चेंडू तोंडातून सुटायचा आणि तो विसरल्यासारखा दुसरीकडे बघायचा. मग नाक जमिनीला. एक गोल, त्याहून छोटा दुसरा गोल, मागचे पाय जरा जवळ, शेपटीचं मूळ वर. तिथून पुढे तुझ्याकडे दोन-तीन श्वासांचा वेळ. ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही. पोटाखाली हात घालून उचलायचं आणि वाफ्यावर ठेवायचं. ठेवल्यावर त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, नाहीतर ते कशाला आलंय तेच विसरतं. उरकलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि चिमूटभर खाऊ. घरात येऊन दिलास तर त्याला वाटतं घरात आल्याचा दिला. आणि उरकल्याबरोबर आत आणू नको, थोडं हुंदडू दे. शू केली की मजा संपते असं एकदा डोक्यात बसलं तर तो शूच लांबवायला शिकेल.

घरात झालंच तर पुसून टाक, विषय संपला. शेवटच्या फोनवर तू नाक घासायचं वगैरे म्हणालास, ते कृपा करून करू नकोस. दहा मिनिटांपूर्वीच्या डबक्याचा आणि तुझ्या रागाचा संबंध पिल्लाला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि तू वाफ्यावर उभा राहिलास तर करतच नाही. पुसायलाही फिनेल नको. काळं फिनेल तर कुत्र्याला विषारीच, आणि पांढऱ्याचा वास आपल्याला येतो, त्याला त्याच्याखालचा मूळ वास येतोच. अमोनियावालं काही वापरशील तर आणखी वाईट, लघवीच्या वासाचीच आठवण. आधी कोरड्या कापडाने टिपून घे, साबणाने धू, आणि एन्झाइमवालं क्लीनर ऑनलाइन मिळतं ते मार.

आता पोट. दूध-भाकरी देताय ना? मला खात्री आहे, कारण वहिनींच्या माहेरी गाय आहे आणि खान्देशात कुत्र्याला दुसरं काही द्यायचं आपल्याला सुचत नाही. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. पातळ शी होते आणि पातळ शी कुणालाच धरून ठेवता येत नाही, तुला नाही, मला नाही. आधी दूध बंद कर, जंताचं औषध वेळच्या वेळी दे, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांचं म्हणून जे खाद्य मिळतं ते ठरलेल्या वेळी दिवसातून तीन-चारदा. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर भांडं उचल. आत जायची वेळ बांधली की बाहेर यायची वेळ आपोआप बांधली जाते. आणि हो, कुणीतरी कॅल्शियमची बाटली हातात ठेवेल, ‘हाडं मोठी आहेत, लागतं’ म्हणून. घालू नको. या वयात मोठ्या जातीच्या पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, आणि वाढीची हाडंच बिघडतात. पाणी मात्र कधी तोडू नको. रात्री झोपायच्या आधी तासभर भांडं उचललंस तर चालेल, दिवसा आपल्याकडच्या उन्हात नाही. वारंवार थेंब-थेंब करत असेल, कुंथत असेल, तर तो शिकवणीचा विषय नाही, डॉक्टरचा आहे.

कोंडायचं कसं, ते आता. लहान काळासाठी पिंजरा, मोठ्या काळासाठी आडोसा, हे दोन वेगळे ठेव. पिंजऱ्यात त्याला उभं राहता, वळता, पसरता आलं पाहिजे, त्याहून जास्त नको. जास्त जागा असली की एका कोपऱ्यात झोपतो आणि दुसऱ्यात उरकतो. दर दोन महिन्यांनी नवा पिंजरा घेत बसू नको. फॅब्रिकेशनवाल्याकडून पूर्ण वाढीच्या मापाचा करून घे आणि मधे प्लायवूडची फळी टाकून सरकवत जा. गजांमधून डोकं जाणार नाही हे बघ, आणि आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढ, अडकून गळफास बसतो. दार उघडं ठेवून जेवण आत द्यायला सुरुवात कर. पहिल्याच दिवशी दार लावून शाळेला निघालात तर तो पिंजरा त्याच्या डोक्यात कायमचा तुरुंग होईल.

तुझी एक अडचण मात्र खरी आहे. ज्याने पिल्लू दिलं त्याने सगळी पिल्लं एकाच पिंजऱ्यात, घाणीतच ठेवली होती असं तू म्हणालास. कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही, हा जन्मजात स्वभाव आणि पिंजऱ्याची सगळी शिकवण त्यावरच चालते. याचा तो स्वभावच बोथट झालाय. म्हणून ते अंथरुणातच करतं आणि तसंच लोळतं. यावर औषध एकच: अंथरूण दर वेळी धू, पिंजऱ्यातला वेळ अगदी थोडा ठेव, आणि इतरांच्या पिल्लाला लागेल त्याहून दुप्पट वेळा वाफ्यावर ने. कोरडं, स्वच्छ झोपायची चटक लागली की येतो ताळ्यावर. वेळ लागेल, हे वहिनींना आधीच सांगून ठेव.

दिवसाच्या त्या दोन-तीन तासांच्या तुकड्यांसाठी आडोसा. मागच्या खोलीत जाळी लावून सहा बाय आठचा भाग अडव. एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला पसरट ट्रेमध्ये वाफ्यातलीच माती. कुणाला यायला उशीर झाला तरी त्याचे पाय मातीवरच पडतील, शिकवण मोडणार नाही. तुमच्या खोलीला त्या गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यावर गोणपाट अंथर. मोठ्या पिल्लाचे मागचे पाय फाकले की खुब्याला त्रास. नॉर्वेत लॅब्राडॉर, न्यूफाउंडलंड धरून चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर अभ्यास झाला, 2012 साली छापला गेला. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचं दुखणं जास्त आढळलं. म्हणून वरच्या मजल्यावर ठेवायचा विचार सोड. आत्ता कडेवर घेऊन उतरवशील, चार महिन्यांचा झाल्यावर तुझीच कंबर जाईल.

सगळ्यात जास्त काळजी मला उन्हाची आहे. मे येईल तेव्हा हे पिल्लू जेमतेम चार महिन्यांचं असेल आणि भुसावळचा पारा 45 च्या वर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. त्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश, 41 च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. पत्र्याचं शेड, गच्ची, बंद गाडी, यांचं नाव काढू नको. खोली उत्तरेची, खिडकी उघडी, कूलर. पण फक्त कूलरच्या भरवशावर राहू नको, लाइट दुपारीच जाते. गोणपाटाचा एक तुकडा ओला करून एका बाजूला टाक, त्याला वाटेल तेव्हा तो स्वतः जाऊन पोट टेकतो. बेसुमार धापा, लाल हिरड्या, चिकट लाळ, पाय लटपटणं दिसलं तर साधं पाणी अंगावर घालून पंख्याखाली घे आणि तसाच डॉक्टरकडे पळ. आजींकडून हे तोंडपाठ करून घे. वाफ्याची जागाही तेव्हा बदलावी लागेल, दुपारी तिथे सावली नसते आणि तापलेल्या मातीवर तो पाय ठेवणार नाही. आत्ताच वर ग्रीन नेट बांधून टाक.

जाळीत एकटा राहिला की रडेल. पाच मिनिटांसाठी ठेव, परत ये. दहा मिनिटांसाठी ठेव, परत ये. रडणं थांबलेल्या क्षणी ये, रडत असताना नको; पण झोपेतून उठून कुईकुई केलं तर ती शूची हाक समजून लगेच ने. चघळायला द्यायचं तर रबराच्या पोकळ खेळण्यात दही गोठवून दे. केळ्याचा तुकडाही चालतो, आपल्याकडे त्याला काय तोटा. रात्री पिंजरा तुमच्या पलंगाशेजारीच असू दे. आमच्या आईने वाघ्याच्या वेळी ‘कुत्राले घरमा कोन ठेवस?’ म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. नंतर पहाटे तीच उठून त्याला मागे न्यायची, आम्हाला पत्ता नसायचा.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. वाघ्याची जुनी जाळी माळ्यावर आहे, ती घडी होते, घेऊन येईन. तू विटा आणि माती तेवढी आणून ठेव, वाफा दोघं मिळून करू. वहिनींना सांग, वांगी अजून मिळत असतील तर भरीत हवं, पण कांद्याची पात आणि लसूण त्याच्या तोंडाला लागणार नाही एवढं बघा. कुत्र्याच्या रक्ताला ते बाधतं आणि तुझं पिल्लू खाली पडलेलं काहीही गिळतं.

तुझाच,
अमळनेरवाला