पिल्लाला उंबऱ्याबाहेर नेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं मांजराचं पिल्लू १० आठवड्यांचं झालंय, दाराशी बसून ओरडतं, हे खरं. तरी त्याला बाहेर न्यायला अजून थांब. लसीचे डोस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होऊन दर ३-४ आठवड्यांनी, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर लस नीट लागू पडत नाही, म्हणून शेवटचा डोस अजिबात चुकवू नकोस. रेबीजची लस वेगळी. मादी असेल तर चार महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते. नसबंदी झाल्याशिवाय मोकळं सोडायचं नाही.

तोवर हाक शिकव. खाणं देताना रोज एकच आवाज, म्हणजे तोच डबा वाजवायचा. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टाही घरातच अंगवळणी पाड. नुसत्या गळपट्ट्याला दोरी लावलीस तर घाबरून मागे सरताना पिल्लू निसटतं, नाहीतर त्याचा गळा आवळतो. हार्नेसखाली दोन बोटं जावीत, तिसरं नको. सुरुवातीला ते घातलं की पिल्लू आडवं पडून राहील. खाऊ दे, पाच मिनिटांत काढ, उद्या पुन्हा घाल.

पहिल्यांदा बाहेर नेशील ते जेवणाआधी, भुकेलं असताना, रहदारी नसेल अशा वेळी. दार उघडं ठेव आणि तू बाहेर जमिनीवर बस. उचलून नेऊ नकोस, हे कळकळीने सांगतोय. स्वतःच्या पायांनी गेलेलं पिल्लू वाट हुंगत जातं आणि दचकलं की त्याच वाटेनं घरात पळतं. उचलून नेलेल्याला परतीची वाटच ठाऊक नसते, मग ते समोरच्या गाडीखाली शिरतं. पोट जमिनीला टेकलं, कान मागे पडले, की त्या दिवशी तेवढंच पुरे. दहा मिनिटांच्या वर जाऊ नकोस. दोरी ओढायची नाही, ते जाईल तिकडे आपण जायचं. खांबाला बांधून आत तर मुळीच जायचं नाही.

लिलीची कुंडी असेल तर आजच हलव. अंगाला लागलेले पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. पिसवांसाठी कुत्र्याचं औषधही लावू नकोस. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर ते मांजराच्या जिवावर बेततं.

पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजून कळव, त्यावरून हार्नेसचा आकार सांगतो.

तुझाच