बांगड्याची पिल्ले दोरी आवळण्याआधी ओळखा

महोदय,

1 जून ते 31 जुलै ही गोव्यातली मासेमारी बंदी बांगड्याच्या विणीच्या ऐन दिवसांत येते, पण वीण तिथे संपत नाही. मादी सगळी अंडी एकदम सोडत नाही, टप्प्याटप्प्याने सोडते. म्हणूनच बंदी उठल्यावरही गाबोळी भरलेला बांगडा जाळ्यात दिसतो. पोटावर हलके दाबताच काचेसारखे पारदर्शक दाणे बाहेर आले, तर ती मादी त्याच दिवसांत अंडी सोडणार होती हे नक्की.

खरे नुकसान पुढे होते. पावसाळ्यात खालचे थंड, खाद्ययुक्त पाणी वर येते आणि पिल्ले किनाऱ्यालगत थव्याने चरतात. थव्याभोवती गोल टाकलेल्या पर्ससीन जाळ्याची खालची दोरी आवळून जाळे ओढत आणले की ही पिल्ले दाटीत एकमेकांवर घासून खवले गमावतात. मग सोडली तरी बहुतेक मरतात. म्हणून जाळे सैल असतानाच हातजाळीने दहा-बारा मासे काढून पट्टीवर मोजावेत. केरळात पकडायच्या बांगड्याच्या लांबीची किमान मर्यादा 14 सेंटिमीटर आहे. त्याहून लहान निम्मे निघाले, तर जाळ्याचा वरचा काठ तरंगत ठेवणारी बोयांची दोरी खाली दाबून थवा जाऊ द्यावा. मत्स्यखात्याने गोव्यातही अशी मर्यादा ठरवून ती जेट्टीवरच तपासावी.

— काही मत्स्यव्यावसायिक, मालीम