फुकट नव्हे, साडेतेवीस युनिट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या संगणकाची रिकामी ताकद वैज्ञानिक संशोधनाला द्या, असं सांगणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. विषय घेतलात, बरं वाटलं. पण ‘एक पैसाही खर्च न करता’ हे शब्द खटकले. वीज खात्यात 31 वर्षं मीटर तपासण्यात गेली माझी. कोणी फुकट म्हटलं की आधी चकती किती वेगात फिरते ते बघायची सवय आहे.

गेले तीन हिवाळे मी हे दान करतो आहे. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा डेस्कटॉप मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली पडून राहिला. शेजारच्या इंजिनीअरिंगच्या पोराने त्यावर ‘बॉइंक’ हे मोफत सॉफ्टवेअर (इंटरनेटवरून गणिताचे तुकडे आणून, सोडवून उत्तरं परत पाठवणारं) टाकून दिलं आणि ‘आइनस्टाइन अ‍ॅट होम’ हा प्रकल्प जोडला. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे अतिसूक्ष्म तरंग, शोधायच्या; दुर्बिणींच्या नोंदींत पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठरावीक लयीत संकेत देणारे तारे, शोधायचे, असं ते काम. तसलीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे, 2023 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. औंढा नागनाथाच्या दर्शनाला आम्ही जाऊन आलोय, म्हणून हाच निवडला. यापलीकडे काही शास्त्र नाही त्यात!

आता मीटरचं. प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर माझ्याकडे आहे. संगणक नुसता सुरू, काही काम नाही, तेव्हा 48 वॅट. गणित सुरू झालं की 112. पडदा मी बंदच ठेवतो. त्या प्रकल्पाचा तारकांचा फिरता गोल दिसतो देखणा, पण तो बघायला वेगळी वीज कशाला जाळायची? रात्री 11 ते सकाळी 6, रोजचे सात तास धरले तर महिन्याला साडेतेवीस युनिट. सगळे आकार मिळून माझ्या बिलात अडीचशेच्या वर जातात. ज्यांचा संगणक तसाही कामासाठी सुरू असतो, त्यांना वरचे 64 वॅटच मोजावे लागतील. पण बंद असलेला मुद्दाम सुरू केला, तर सगळाच भार आपल्या माथी. सौ. पहिलं बिल पाहून म्हणाली, “लोकाईच्या कामासाठी आपलं मीटर पळवून राहिले का?” तिचं चूक नव्हतं.

तरी देतो, कारण काम खरं आहे. 2010 मध्ये याच प्रकल्पात एक नवा पल्सार सापडला, तो अमेरिकेतल्या आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक गृहस्थ यांच्या घरच्या संगणकांवर. एकच काम किमान दोघांकडे पाठवतात आणि उत्तरं जुळली तरच धरतात. आमच्या खात्यात संशयित मीटरशेजारी दुसरं मीटर लावून ताडून बघायचो, तोच प्रकार. क्षयरोगाच्या जंतूच्या कवचाचा अभ्यासही 2016 पासून असाच लोकांच्या संगणकांवर झाला. माझे थोरले बंधू मेडिकलच्या टीबी वॉर्डात महिनोन्‌महिने होते, त्यामुळे ते वाचून मी जरा थांबलो होतो.

लेखात नागपूरचा उन्हाळा कुठेच नव्हता, याचंही नवल वाटलं. पारा 45 वर, कूलरची दमट हवा घरभर, अशात संगणक रात्रभर पूर्ण ताकदीने पळवायचा म्हणजे त्याचा जीव घेणं. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मी तो मूर्खपणा केला. पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. डबा उघडला तर पात्यांवर धुळीचा नमदा बसलेला. रंगाच्या ब्रशने झाडून काढला. शिवाय उन्हाळ्यात कूलरमुळे बिल 300 युनिटच्या पुढे जातं, म्हणजे हे युनिटही वरच्या, महागड्या स्लॅबमध्ये पडतात.

त्यामुळे माझा हंगाम दिवाळी ते होळी. डिसेंबरच्या थंडीत संगणकाची ऊब मागच्या खोलीला बरीच वाटते, तेव्हा सौ.ही बोलत नाही. सेटिंगमध्ये प्रोसेसरचे अर्धेच कोर (गणित करणारे भाग) वापरायला सांगता येतं, वेळही ठरवता येते. मधेच वीज गेली तरी शेवटच्या नोंदीपासून काम पुढे सुरू होतं. मात्र ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या संगणकावर परवानगीशिवाय हे कोणी टाकू नये. तिथलं बिल दुसऱ्याचं असतं.

होळीच्या दोन आठवडे आधी मी ‘नवीन काम नको’ हे बटण दाबतो. हातातली गणितं मुदतीत पुरी होतात, संगणकावर पुन्हा चादर पडते आणि मी कूलरचा पंप उघडून बसतो.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी
मानेवाडा, नागपूर