केस दुखतात म्हणालीस तेव्हा मी हसलो

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू म्हणालीस, बाबा केस दुखतायत, आणि मी हसलो. "केस कधी दुखतात का गं, कापताना तरी दुखतात का" असलं काहीतरी बोललो पण. तू गप्प झालीस आणि दोन मिनिटांनी काम आहे म्हणून फोन ठेवलास. तुला काम नव्हतं हे मला पण कळलं.

रात्री आईला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तू चार महिन्यांची असताना माझे पण दुखायचे, उशीवर डोकं टेकवलं तरी मुळं ठणकायची, आणि तुम्ही तेव्हाही असेच हसला होतात. मला आठवत पण नाही बघ. तिला आठवतंय. म्हणजे पंचवीस वर्षांत एकच चूक दोनदा, ती पण घरातल्याच दोघींच्या बाबतीत. म्हणून म्हटलं आता फोन नको, नीट वाचून, ओळखीच्या त्वचारोगवाल्या डॉक्टरीणबाईंना विचारून, शांतपणे लिहू. टकल्या माणसाने केसांवर लिहायचं म्हणजे विनोदच आहे, पण तू वाच.

आधी दुखण्याबद्दल, कारण गळण्यावर तुला सगळेच सल्ले देतायत आणि दुखण्यावर कोणी विश्वासच ठेवत नाहीये, मी धरून. त्याला नाव आहे, ट्रायकोडिनिया. 1996 मध्ये रेबोरा नावाच्या इटलीतल्या त्वचारोग डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव दिलं. केसाला स्वतःला नस नसते, म्हणून कापताना दुखत नाही (माझा विनोद तेवढ्यापुरता बरोबर होता), पण केस ज्या पिशवीत उगवतो तिच्याभोवती नसांचं बारीक जाळं असतं, केस जरा हलला तरी ते जागं होतं. केस गळत असताना तेच जाळं हुळहुळं होतं. कोणाला आग होते, कोणाला टोचतं, कोणाला भांग एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला की कळ येते. तू म्हणालीस ना की रबर काढल्यावर जास्त दुखतं, ते तसंच. नक्की का होतं यावर डॉक्टरांचं एकमत नाहीये, नसांमधून सुटणारं सबस्टन्स पी नावाचं द्रव्य कारण असावं असं काहीजण मानतात, आणि झोप कमी, काळजी जास्त असली की दुखणं वाढतं एवढं दिसतं. त्यामुळे 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

आता गळणं. तू फोटो पाठवलास, केसाच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि खाली लिहिलंस 'मुळासकट येतायत'. मी पण घाबरलो होतो. पण ते मूळ नाहीये. तो म्हातारा झालेल्या केसाचा बुडखा, त्याला क्लब हेअर म्हणतात. मूळ म्हणजे ती पिशवी, ती कातडीत जागच्या जागीच आहे आणि बहुतेक वेळा तिच्यात नवा केस सुरू झालेला असतो.

हिशोब सांगतो, जन्मभर हिशोबच केलेत. डोक्यावर साधारण 1 लाख केस. त्यातले 85 ते 90 टक्के वाढीच्या अवस्थेत, ही अवस्था 2 ते 6 वर्षं चालते. मग दोन-तीन आठवडे आवरासावर, आणि मग विश्रांती, साधारण 3 महिने, आणि मग केस गळतो. म्हणजे 10 टक्के विश्रांतीत धरले तर 10,000 केस, भागिले 100 दिवस, रोजचे 100. हे निरोगी माणसाचं. आता जोराचा ताप आला की शरीर काय करतं, घरात मोठं आजारपण आलं की आपण रंगकाम आधी थांबवतो ना, तसं. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी, म्हणजे खर्चिक काम, आणि तापात शरीर जी सूज आणणारी रसायनं सोडतं ती पण मुळांपर्यंत पोचतात. मग भरपूर केस वेळेआधीच एकदम विश्रांतीत जातात. समज 10 चे 30 टक्के झाले, तर तेच गणित, 30,000 भागिले 100, रोजचे 300. बाथरूमची जाळी तुंबणारच.

यात गंमत अशी की ताप जुलैत आला आणि केस सप्टेंबरअखेर गळायला लागले, त्यामुळे तू दोष नव्या शाम्पूला दिलास, मग पाण्याला, मग ऑफिसच्या टेन्शनला. शाम्पू बिचारा निर्दोष आहे. जे आज गळतायत त्यांचा निकाल जुलैतच लागला होता, 103 ताप होता त्या आठवड्यात. मधले तीन महिने ते नुसते डोक्यावर टिकून बसले होते. आणि म्हणूनच आत्ता काहीही लावलंस तरी हे गळणारे केस थांबणार नाहीत, आणि डोकं धुवायचं टाळलंस तर गळायचे ते चार दिवसांचे साठून एकदम येणार आणि तुला अजून धक्का बसणार. धूत जा नेहमीसारखं.

याचं नाव टेलोजेन एफ्लुव्हियम, 1961 मध्ये क्लिगमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ठेवलं. नाव तेव्हाचं पण प्रकार जुना, 1918 च्या फ्लूच्या साथीनंतरही लोकांचे केस गळाल्याच्या नोंदी आहेत. डेंग्यूनंतर होतं, कोविडनंतर तर इतक्या जणांना झालं, आणि त्यात बऱ्याच जणांना तीन महिने पण लागले नाहीत, दीड-दोन महिन्यांतच सुरू झालं. आणि बाळंतपणानंतर होतं. आईचं तेच होतं. तेव्हा तू तिचे केस मुठीत धरून ओढायचीस म्हणून आम्ही सगळं खापर तुझ्यावर फोडलं होतं, त्याबद्दल पण सॉरी.

तुझी खरी भीती वेगळी आहे हे मला माहितीये. 'बाबांवर गेले मी' असं तू आईला म्हणालीस, तिने सांगितलं. बघ, माझं टक्कल हळूहळू पडलं, कपाळ मागे सरकत गेलं, वर्षानुवर्षं केस बारीक होत होत गेले, कधी सुरू झालं ते मला सांगताच येणार नाही. तुझं सगळ्या डोक्यावरून सारखं आणि तारखेसकट सुरू झालंय. दोन वेगळी दुखणी आहेत. पण खोटा धीर देत नाही, कधीकधी आनुवंशिक विरळपणा आधीपासून थोडा असतो आणि अशा गळतीने तो उघडा पडतो, भांग रुंद दिसायला लागतो. ते आत्ता घरी बसून कळणार नाही. सहा महिने झाले तरी गळणं चालूच असेल तर बाई नीट तपासतील. नुसत्या या प्रकाराने मात्र कोणी पूर्ण टकलं होत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुला बघितल्यावर त्या 50-60 केसांची बट चिमटीत धरून हळू ओढतील, पाच-सहाच्या वर हातात आले तर गळती चालू आहे. त्याच्या आदल्या दिवशी डोकं धुऊ नकोस, नाहीतर सैल झालेले आधीच गेलेले असतात आणि टेस्ट फसते. मग रक्त. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, थायरॉइड, जमलं तर बी12 आणि व्हिटॅमिन डी. आजारपणात तू दोन आठवडे नीट जेवली पण नव्हतीस, त्यामुळे हे बघायलाच हवं. कारण आधीच लोह कमी असेल तर तापाचं निमित्त संपलं तरी गळणं रेंगाळतं.

आणि त्या बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठी म्हणून घेतात त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. त्या घेतेस ते रक्त देताना सांग, किंवा काही दिवस आधी बंद करायच्या का ते बाईंना विचार. जास्त बायोटिनने थायरॉइडसकट काही तपासण्यांचे आकडे चुकतात, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 2017 मध्ये तशी सूचनाच काढली होती. शरीरात कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी फार काही होत नाही. मल्टिव्हिटॅमिनचे तीन-तीन डबे एकत्र तर अजिबात नको, व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात, पैसे देऊन गळती. मिनॉक्सिडिल, ते केस वाढावेत म्हणून डोक्याला लावतात ते औषध, ते पण विचारल्याशिवाय सुरू करू नकोस, ते लावल्यावर पहिले काही आठवडे गळणं वाढू शकतं आणि तुझा धीर आधीच संपत आलाय.

टक्कल करू का म्हणत होतीस, म्हणजे दाट येतील. तुझी मर्जी, दिसशील छानच, पण दाट वगैरे काही येत नाहीत. 1928 मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या बाईंनी दाढीच्या केसांवर मोजमाप करून बघितलं होतं, वस्तऱ्याने केस जाड पण होत नाही आणि लवकर पण वाढत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तसं वाटतं.

दुखण्यासाठी काय, तर अंबाडा आणि घट्ट पोनी काही दिवस बंद, सैल सोड किंवा सैल वेणी. जोरजोरात चोळून मालिश करू नकोस, कोणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी. आई म्हणते गार पाण्यात पिळलेला मऊ पंचा डोक्यावर ठेवला की तिला बरं वाटायचं. खूपच दुखलं तर बाई थोडे दिवस लावायला काहीतरी देतील, सगळ्यांना एकच औषध लागू पडतं असं नाहीये.

पण हे झालं तर वाट बघत बसू नकोस. गोल चकती पडली, भुवया गळायला लागल्या, खपल्या किंवा पू दिसला, कातडी गुळगुळीत चमकायला लागली. किंवा डोक्याच्या एकाच बाजूला आग आणि मग पुरळ, फोड, ती नागीण असू शकते, तिचं औषध 72 तासांच्या आत सुरू केलेलं बरं. बाईंनी मला पण दम दिला बरं का, की तुमच्या वयात कानशिलापाशी दुखलं, चावताना जबडा भरून आला, दिसायला अंधुक झालं तर त्याच दिवशी या, ते रक्तवाहिनीचं वेगळं आणि धोक्याचं दुखणं असतं.

किती दिवस हे तू विचारलंस. गळणं बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत थांबतं. पण शेपटी पूर्वीसारखी जाड व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, कारण केस महिन्याला जेमतेम 1 सेंटीमीटर वाढतो, तुझ्या खांद्याखाली पोचायला त्याला किती महिने लागतील ते तूच कर गणित. मधे कपाळापाशी आखूड आखूड केस उभे राहतील, सगळ्या दिशांना, विंचरून बसणार नाहीत. आईचे तसेच आले होते आणि ती त्यांना ओल्या हाताने चापून बसवायची, हे मात्र मला चांगलं आठवतंय.

रोज गळलेले केस मोजून वहीत लिहितेस म्हणे. नको लिहूस. त्याच्याऐवजी महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी उभी राहून, भांगाचा फोटो काढ आणि मला पाठव. मी ठेवतो हिशोब.

आणि अजून दुखतंय का ते सांग. हसणार नाही.

बाबा