संगणक रिकामा असताना कोणासाठी राबतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (दुरुस्त्या, अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून आमच्या भागात घरचे जुने संगणक काढून टाकायची घाई सुरू झाली आहे. 'स्लो झाला', 'तापते', 'पंखा थांबतच नाही' अशी तक्रार घेऊन माणूस तालुक्याला जातो. येताना एक तर फॉरमॅट मारून (सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून) आणतो, नाही तर नव्या मशीनचं कोटेशन खिशात घेऊन येतो. मशीन नेमकं काय करून राहिलं आहे, हे मधे कोणी पाहतच नाही. म्हणून हे पत्र.

देवळी तालुक्यात, पुलगावच्या बाजूच्या एका गावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार नव्याने भरली की ती पंपाला जोडायच्या आधी आम्ही रिकामी फिरवतो आणि किती अँपिअर घेते ते पाहतो. काही काम नसताना ती जास्त करंट ओढत असेल तर ती शेतकऱ्याच्या हाती देत नाही. घरचा संगणक दुपारी कोणी हात न लावता गुरगुरायला लागला, तेव्हा मी त्यालाही हीच परीक्षा लावली. एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरमधली फक्त फेजची तार वेगळी काढली, क्लॅम्प मीटरच्या (तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यातून तिचे दहा वेढे घेतले आणि आलेल्या आकड्याला दहाने भागलं. करंट इतका कमी असतो की एका वेढ्यावर मीटर नीट दाखवत नाही. (ज्यांना वायरिंगचा हात नाही त्यांनी हे करू नये.) पडदा काळा, समोर कोणी बसलेलं नाही, तरी नुसत्या चालू मशीनपेक्षा जवळपास दुप्पट करंट जात होता. म्हणजे प्रोसेसर आत कुठल्या तरी कामाला जुंपलेला होता. बिल आपल्याच मीटरवर चढतं, त्यामुळे हा प्रश्न नुसता आवाजाचा राहत नाही.

आता, रिकाम्या वेळचं प्रत्येक काम चोरीचं (दुसऱ्या कोणी आपल्या मशीनवर गुपचूप चालवलेलं) असतं असं समजून घाबरू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची यादी, उघडतं. त्यात सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. तिथे 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसलं तर ती विंडोजचीच व्हायरस तपासणी आहे. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' म्हणजे अपडेट बसवण्याचं काम. तपशिलाच्या ('डिटेल्स') यादीत 'सिस्टम आयडल प्रोसेस' समोर ९५ किंवा ९८ टक्के दिसले की लोक दचकतात. तो आकडा प्रोसेसर किती मोकळा आहे ते सांगतो, तो जितका मोठा तितकं चांगलं. 'सिस्टम इंटरप्ट्स' सतत वर राहत असेल तर एखादा ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारा प्रोग्राम) किंवा ती वस्तूच बिघडली असण्याचा संभव असतो. अशा वेळी यूएसबीला लावलेल्या वस्तू एकेक करून काढून पाहाव्या.

आपल्या खेड्यांमध्ये याला एक वेगळं कारणही आहे, आणि शहरातल्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात ते सहसा येत नाही. विंडोज १० ची स्वतःची देखभाल, म्हणजे तपासणी, अपडेट, डिस्कची आवराआवर, मुळात रात्री २ वाजता ठरवलेली असते. आपल्याकडे रात्री संगणक चालू ठेवतो कोण? विजा कडाडल्या की आपण पिनच काढून ठेवतो, आणि एरवी लाइनचा भरवसा नसतो. मग ती सगळी थकलेली कामं मशीन दुसऱ्या दिवशी काढतं, तेही आपण उठून चहाला गेलो की. माउस हलवला की पंखा शांत होतो आणि आपल्याला भूत वाटतं. त्यात नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. अपडेट अर्धवट उतरतं, लाइन जाते, पुन्हा खटाटोप. अशा मशीनला आठवड्यातून एखाद्या रात्री, लाइन चांगली असेल तेव्हा, चालू ठेवून सगळं उरकू द्यावं. पुष्कळांची तक्रार एवढ्यानेच मिटते, मी शेजारच्या घरी पाहिलं आहे.

आमच्या घरी मात्र ती मिटली नाही. संगणक तालुक्याच्या एका दुकानातून घेतला होता, त्यांनाच दाखवला. ते म्हणाले, "भाऊ, व्हायरस हाय, फॉरमॅट मारा लागते." फॉरमॅट झाला, पैसे दिले, आणि थोड्याच दिवसांत पंखा पुन्हा तसाच. खरी गोष्ट माझ्या मुलीने पकडली. ती वर्ध्याला बी.एस्सी. करते. सुटीत घरी आली होती, म्हणाली, "बाबा, टास्क मॅनेजर उघडलं की पंखा चूप होते, बंद केलं की पुन्हा सुरू." मी क्लॅम्प मीटर लावलं. टास्क मॅनेजरची खिडकी उघडली की करंट खाली, मिटली की वर. नुसता माउस हलवून काही फरक पडत नव्हता. विंडोजची देखभाल आणि चोर यांच्यातला फरक आम्हाला असा सापडला. अर्थात काही चोर माउस हलल्यावरही थांबतात, म्हणून एवढ्यावर विसंबू नये.

मग तिने विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन 'एक्सक्लूजन्स' ही अपवादाची यादी उघडली. व्हायरस तपासणीने कुठे बघायचं नाही, ते त्या यादीत लिहिलेलं असतं. आम्ही कोणी तिथे हात लावला नव्हता, तरी प्रोग्रामडेटामधला एक आख्खा फोल्डर तिथे नोंदवलेला होता. आत जी फाइल होती तिचं नाव थेट विंडोजच्या फाइलचं, 'एसव्हीसीहोस्ट'. खरी एसव्हीसीहोस्ट विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मध्ये असते, ती विंडोज फोल्डराच्या बाहेरून चालत असेल तर तिच्यावर संशय घ्यावाच. ती फाइल मोनेरो नावाचं आभासी चलन खोदणारी (संगणकाला आकडेमोडीला जुंपून ते चलन कमावणारी) निघाली. बिटकॉइन आता खास मशीनशिवाय परवडत नाही, पण मोनेरोची रचनाच अशी आहे की साध्या प्रोसेसरवर ते खोदता येतं. २०१९ मध्ये त्यांनी रँडमएक्स ही पद्धत आणली तीही त्यासाठीच. त्यामुळे चोरांना तुमच्या-माझ्या घरचा जुना संगणकसुद्धा कामाचा वाटतो. वीज आपली, झीज आपल्या मशीनची, कमाई त्यांची.

हे आलं कुठून? फॉरमॅट मारताना ज्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकली, तिच्यातच लायसन्सशिवाय विंडोज आणि ऑफिस चालू करून देणारा 'अ‍ॅक्टिव्हेटर' होता. असले प्रोग्राम बसताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि नंतर अपवादाच्या यादीत आपली जागा करून घेतात. एकच पेनड्राइव्ह किती गावांमधल्या मशीनला लागत असेल याचा विचार करून मला खरोखर काळजी वाटते. आज तो फक्त प्रोसेसर वापरतो. उद्या त्याच वाटेने बँकेचा पासवर्ड नेणारा प्रोग्राम आला तर? गावात लोक याच संगणकांवर पीक विम्याचे अर्ज भरतात, बँकेचं खातं उघडतात.

आम्ही अपवादाची नोंद काढली, मुलीने विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन चालवलं. त्यात मशीन बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, म्हणून लपलेला प्रोग्राम आड येऊ शकत नाही. पण ज्या विंडोजचा पायाच चोरीचा आहे तिच्यावर मला विश्वास राहिला नाही. कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाहेर काढून आम्ही डिस्क पूर्ण पुसली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट मिळतं आणि कायदेशीर आहे. पत्रं आणि बिलांसाठी लिब्रेऑफिस पुरतं, त्यात मराठी टाइप होतं. आता मीटरवर आकडा जागेवर आहे.

उघडून साफसफाईही करावी. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत कापसाचा रेशा घरभर उडतो आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमध्ये नमद्यासारखा जमतो. मशीन तापलं की प्रोसेसर आपणच वेग कमी करतो, मग थोडं कामही त्याला जड जातं. पिन काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारावा.

तालुक्याच्या दुकानदार भावांना माझी विनंती आहे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर आधी त्याच्यासमोर टास्क मॅनेजर आणि अपवादाची यादी उघडून दाखवा, मगच फॉरमॅटचं बोला. फॉरमॅट केलाच तर विंडोज लायसन्सची आहे की नाही ते बिलावर लिहून द्या. लायसन्स परवडत नसेल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगून लिनक्सचा पर्याय समोर ठेवा. आमच्यासारख्यांना ते चालतं.

संपादक महोदय, केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून संगणक साफ करण्याची साधनं मोफत देतं. आमच्या गावात हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आपल्या दैनिकाने बाजारभावाच्या पानावर चौकट करून हे केंद्र, ऑनलाइन फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक आणि अपवादाची यादी कशी पाहायची, एवढं छापावं. ते पान गावात पारावर रोज मोठ्याने वाचलं जातं.

आपला,
एक वाचक, मोटार वाइंडिंग कारागीर
ता. देवळी, जि. वर्धा