करार त्यांनी बदलला, दंड तू का भरायचा?

हॅरो, लंडन
23 नोव्हेंबर 2025

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

मोबाइलचा करार मुदतीआधी सोडण्याचा दंड म्हणून मागितलेले ते 262 पौंड एवढ्यात भरू नकोस. कंपनीने तुला पाठवलेलं उत्तर मी नीट वाचलं. "नियमच आहे, काय करणार," असं तू म्हणालीस, पण नियम आहे तो तुझ्या बाजूचा आहे. फोनवर घाईत अर्धवट बोलणं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. तक्रार लिहायला बसशील तेव्हा हे समोर असू दे.

आधी काय झालं ते सरळ मांडू. मार्चमध्ये तू 24 महिन्यांचा सिम-ओन्ली, म्हणजे हँडसेटशिवाय फक्त सिमचा, करार केलास, महिना 18 पौंड. याहून स्वस्त प्लॅन होते, तरी तू हा घेतलास, कारण यात भारतातल्या लँडलाइनवर बोलायला महिन्याला 300 मिनिटं होती. वाईला आजीकडे लँडलाइनच आहे आणि तिच्या हातात स्मार्टफोन द्यायचे सगळ्यांचे प्रयत्न झाले आहेत. 10 ऑक्टोबरला तुला मेसेज आला: तुमच्या प्लॅनमध्ये काही बदल करत आहोत, अधिक माहितीसाठी लिंक पाहा. 1 नोव्हेंबरपासून आंतरराष्ट्रीय मिनिटं बंद, पैसे मात्र तेवढेच. तू "मग मी करार सोडते" म्हटल्यावर उत्तर आलं की मुदतीआधी सोडलात तर 262 पौंड द्यावे लागतील.

भाड्याने दिलेल्या घरातल्या एका खोलीला घरमालकाने मध्येच कुलूप लावावं आणि भाडं तेवढंच मागावं, तसा हा प्रकार आहे. आणि इथला कायदाही त्याकडे तसंच बघतो.

मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी ऑफकॉम ही संस्था तुला माहीत आहे. तिच्या अटी प्रत्येक कंपनीला बंधनकारक असतात आणि त्यातली सी-1 नावाची अट करारांबद्दल आहे. मध्येच केलेल्या बदलांबद्दलचा तिचा नियम 17 जून 2022 पासून लागू आहे. तिचा सारांश असा: कंपनीला करारात बदल करायचा असेल तर किमान एक महिना आधी स्पष्ट शब्दांत कळवलं पाहिजे, ग्राहकाला जपून ठेवता येईल अशा स्वरूपात कळवलं पाहिजे, आणि त्याच वेळी हेही सांगितलं पाहिजे की हा बदल मान्य नसेल तर तुम्ही दंड न भरता करार सोडू शकता. अपवाद तीनच. बदल पूर्णपणे ग्राहकाच्या फायद्याचा असेल, नुसता कारकुनी असून ग्राहकाचं काही बिघडत नसेल, किंवा कायद्यानेच तो करायला लावला असेल. भारताची मिनिटं काढून घेणं या तिन्हीत कुठे बसतं? कुठेच नाही.

आता तुझा तो 10 ऑक्टोबरचा मेसेज पुन्हा उघड. तारीख बघ. 10 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर म्हणजे तीन आठवडे, महिना नव्हे. मजकूर बघ. दंडाशिवाय करार सोडता येतो, हे त्यात कुठेही नाही. लिंक उघडली तर अटींचं एक लांबलचक पान येतं, आणि ते पान कंपनी उद्या बदलू शकते. म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच्या आज काढून ठेव, तारीख दिसेल असा.

कंपनीचं म्हणणं आहे की 29 सप्टेंबरला एक ईमेल पाठवला होता आणि त्यात सगळं होतं. तुझ्या इनबॉक्समध्ये नाही, स्पॅममध्येही नाही. मग तो दाखवण्याची जबाबदारी त्यांची. इथल्या डेटा संरक्षण कायद्याने तुझ्याबद्दल कंपनीकडे जे काही साठवलेलं आहे त्याची प्रत मागायचा तुला हक्क आहे. त्याला सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. फी लागत नाही आणि साधारणपणे एका महिन्यात प्रत द्यावी लागते. त्यात मार्चमधल्या विक्रीच्या कॉलचं रेकॉर्डिंग, चॅटचा सगळा मजकूर, आणि तुला पाठवलेल्या प्रत्येक सूचनेची नोंद माग. तो ईमेल खरंच गेला असेल तर त्यात नक्की काय लिहिलं होतं ते तरी कळेल, आणि तुझी तक्रार त्याप्रमाणे बदलता येईल. आपल्याला खरं काय ते हवंय, नुसतं भांडण नको.

दुसरा मुद्दा त्यांनी मांडला आहे तो जास्त चतुराईचा आहे. मिनिटं ही "अतिरिक्त सुविधा" होती, मूळ कराराचा भाग नव्हती, असं ते म्हणतात. हे खरं असेल तर तुझी बाजू बरीच लंगडी पडते, म्हणून याकडे नीट लक्ष दे. दर महिन्याला वेगळे पैसे भरून घेतलेली आणि हवी तेव्हा बंद करता येणारी सोय असेल तर ती वेगळी गोष्ट. पण करार करण्याआधी तुला एक छोटा दस्तऐवज द्यावा लागतो, कॉन्ट्रॅक्ट समरी नावाचा. सेवेची मुख्य वैशिष्ट्यं, किंमत, मुदत, सगळं त्यात असतं. तुझ्या समरीत पहिल्याच चौकटीत, डेटाच्या खालच्या ओळीत, भारतासह निवडक देशांसाठी 300 मिनिटं असं छापलेलं आहे, आणि किमतीच्या चौकटीत त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. तू मला पाठवलेल्या फोटोत मला ते स्पष्ट दिसलं. तुझ्या सगळ्या तक्रारीचा कणा तो कागद आहे. दुसरं काही जोडलं नाहीस तरी चालेल, तो जोडायचाच.

त्याच समरीत खाली एप्रिल 2026 पासून बिल किती वाढेल ते पौंड आणि पेन्समध्ये लिहिलंय, ते पाहिलंस का? ते तिथे आपोआप आलेलं नाही. त्यासाठी इथल्या ग्राहकांनी दहा वर्षांहून जास्त काळ भांडण केलं आहे. पूर्वी ठरावीक किमतीचा म्हणून करार विकायचे आणि मध्येच किंमत वाढवायचे. ऑफकॉमने ऑक्टोबर 2013 मध्ये कंपन्यांना बजावलं आणि 23 जानेवारी 2014 पासून नव्या करारांना ते लागू झालं: महिन्याचं शुल्क मध्येच वाढवलंत तर ग्राहकाला मोकळं करा. कंपन्यांनी मग पळवाट काढली. वाढ सुरुवातीपासूनच करारात लिहायची, पण आकडा न लिहिता महागाईचा दर अधिक 3.9 टक्के असं लिहायचं. आधीच लिहिलंय म्हटल्यावर तो मध्येच केलेला बदल ठरत नव्हता. डिसेंबर 2022 चा महागाईचा दर 10.5 टक्के निघाला, आणि 2023 च्या वसंतात अनेकांची बिलं 14.4 टक्क्यांनी वाढली. त्या वर्षी आमच्या कम्युनिटी सेंटरमधल्या सल्ल्याच्या टेबलावर जो येई त्याच्या हातात मोबाइलचं नाहीतर ब्रॉडबँडचं बिल. करार करताना कोणालाही सांगता आला नसता असा तो आकडा होता, आणि मला तेव्हा फार राग आला होता. अखेर 17 जानेवारी 2025 पासूनच्या नव्या करारांत महागाईशी बांधलेली वाढ बंद झाली. किती पौंड, किती पेन्स आणि कधी, हे आधीच लिहून द्यावं लागतं. तुझा करार मार्चचा, म्हणून तुला ते मिळालं.

पण यातही एक मेख आहे, आणि ती तुला कळलीच पाहिजे. ऑक्टोबर 2025 मध्ये ओ-टू कंपनीने जाहीर केलं की करारात 1.80 पौंडांची वाढ लिहिलेली असली तरी एप्रिल 2026 पासून महिन्याला 2.50 पौंड वाढवणार. ऑफकॉमने नाराजी व्यक्त केली, सरकारमधूनही टीका झाली. तरी ते नियमात बसलं, कारण कंपनीने ग्राहकांना दंडाशिवाय बाहेर पडायला 30 दिवस दिले. म्हणजे कंपनीला करार बदलायला बंदी नाही. बंदी आहे ती बदलून वर तुला अडकवून ठेवायला. सोडायची मुदत महिनाभराचीच असते, आणि जो त्या महिन्यात काही बोलला नाही त्याने बदल मान्य केला असंच धरलं जातं. म्हणून कंपनीचा कंटाळवाणा मेसेज आला तरी त्याच दिवशी वाचायचा. तू 14 ऑक्टोबरला चॅटवर हरकत घेतलीस हे फार चांगलं झालं. "मुदत संपली" असं ते आता म्हणतात, त्याला ती तारीखच उत्तर आहे. शिवाय सोडायचा हक्क आहे हेच ज्या सूचनेत सांगितलं नाही, त्या सूचनेपासून मुदत मोजायची कशी, हेही विचार.

आता काय करायचं. लेखी तक्रार कर, आणि पहिल्याच ओळीत लिही की ही औपचारिक तक्रार आहे. चॅटवर कितीही बोललीस तरी ते त्याला "चौकशी" म्हणून नोंदवू शकतात आणि दिवस मोजले जात नाहीत. मजकूर छोटा ठेव. करार कधी केला, समरीत काय आहे, काय काढून घेतलं, सूचना किती दिवस आधी आली, त्यात कोणती गोष्ट सांगितली नाही. मग मागणी: सी-1 अटीप्रमाणे दंडाशिवाय करार सोडू द्या, आणि 1 नोव्हेंबरपासून आजीशी बोलायला मी वेगळे पैसे घातले ते परत करा. त्या पैशांच्या पावत्या ठेवतेस ना? 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याचाही उल्लेख कर. करारात कारण दिलेलं नसताना एकतर्फी अटी बदलण्याची मुभा देणारं कलम अन्याय्य ठरू शकतं, असं त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. एवढं एक वाक्य पुरे, कायद्याचं प्रवचन नको.

फोनवर बोलायची वेळ आली तर समोरच्या मुलावर आवाज चढवू नकोस. तो तुझ्याच वयाचा असतो, समोरच्या स्क्रीनवर असेल तेवढंच त्याला बोलता येतं, आणि हा निर्णय त्याने घेतलेला नाही. नाव आणि वेळ टिपून घे, आणि जे ठरेल ते ईमेलने पाठवायला सांग.

तोवर डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून बिल आपोआप जायची सोय, बंद करू नकोस. हे मी मुद्दाम सांगते, कारण रागाच्या भरात सगळे तेच करतात. हप्ता थकला की कंपनी तो क्रेडिट फाइलवर, म्हणजे तुझ्या देण्याघेण्याच्या नोंदींत, टाकते, आणि पैसे बुडवल्याची (डिफॉल्टची) नोंद सहा वर्षं राहते. उद्या लीड्समध्ये घर भाड्याने घ्यायला गेलीस किंवा कर्जाला अर्ज केलास की 18 पौंडांची ती नोंद आडवी येईल. बिल भरत राहा आणि तक्रारीत लिही की हरकत नोंदवून भरते आहे.

नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचीही घाई नको. 85075 वर "इन्फो" (INFO) असा मेसेज पाठवलास की आत्ता सोडल्यास किती पैसे लागतील ते उत्तरात येतं, तो मेसेज पुरावा म्हणून ठेव. 65075 वर "पी-ए-सी" (PAC) असा मेसेज केला की नंबर नेण्याचा कोड मिळतो आणि तो 30 दिवस चालतो. पण तो कोड वापरलास की करार संपला आणि दंडाचं बिल निघालं, मग ते परत मिळवण्यासाठी भांडावं लागेल. आधी त्यांच्याकडून लेखी होकार, मग कोड.

तुझ्या मैत्रिणीने हँडसेटसकट करार घेतलाय म्हणालीस. तिला सांग, तिने आपले कागद वेगळे तपासावेत. पुष्कळदा हँडसेट हे स्वतंत्र कर्ज असतं आणि सेवेचा करार सुटला तरी त्याचे पैसे द्यावेच लागतात.

कंपनीने नकार दिला तर त्यांच्याकडून डेडलॉक लेटर माग, म्हणजे आमचं अंतिम उत्तर हेच, असं पत्र. नाहीच दिलं तर 2025 च्या नियमाप्रमाणे तक्रारीपासून आठ आठवडे थांब. मग प्रकरण बाहेर नेता येतं. ग्राहक आणि कंपनीतले तंटे सोडवणाऱ्या कम्युनिकेशन्स ऑम्बुड्समन आणि सिसास (CISAS) अशा दोन योजना आहेत, कंपनी यातल्या एकीची सभासद असावीच लागते. तुझी कंपनी कोणत्या योजनेत आहे ते तिच्या तक्रारीच्या पानावर असतं. आपल्याला फी नाही, वकील लागत नाही. निकाल तू मान्य केलास तर कंपनीवर बंधनकारक, आणि तुला नाही पटला तर कोर्टाचा रस्ता मोकळा राहतो. ऑफकॉमलाही जरूर कळव, पण ते एकेकट्याची तक्रार सोडवत नाहीत, कोणत्या कंपनीबद्दल किती ओरड आहे ते बघतात.

निकाल तुझ्याच बाजूने लागेल अशी हमी मी देत नाही. त्या 29 सप्टेंबरच्या ईमेलमध्ये काय आहे यावर बरंच ठरेल. पण तू महिन्याभराच्या पगारातून भाडं, प्रवास भागवून जे उरवतेस त्यातले 262 पौंड फक्त कटकट नको म्हणून द्यायचे, हे मला पटत नाही. ज्यांना इंग्रजी लिहायला अवघड जातं अशी माणसं आमच्या टेबलावर येतात आणि आधीच पैसे भरून आलेली असतात. तुला लिहिता येतं. तू लिही.

मंगळवारी रात्रीपर्यंत मसुदा पाठव, तारखा मी ताडून बघते. सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट मात्र मसुद्यासाठी थांबवू नकोस, ती उद्याच पाठव, त्याचा महिना तेव्हापासून सुरू होईल.

तुझी,
आई